आज मसाज नाही

माझ्या आईचंच सांगतो. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर तिचा उजवा हात सुजून लई जड झाला. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "लिम्फॅटिक ड्रेनेज करू. म्हणजे हातात साचलेलं पाणी वर सरकवायला अगदी हलक्या हातानं मसाज. पहिले तीन आठवडे रोज, मग सूज उतरेल तसं आठवड्यातून दोनदा." तवापासून आई लासूर स्टेशनवरून रोज संभाजीनगरला यायची. एक दिवस खाडा नाय.

दुसऱ्या आठवड्यात मी तिला संभाजीनगर स्टेशनवर घ्यायला गेलो, तर ती कुडकुडत होती. "गाडीत वारा लागला," म्हणाली.

आम्ही मॅडमकडं पोचलो. त्यांनी तिला मसाजच्या पलंगावर बसवून बाही वर केली आणि थबकल्या. कोपरापर्यंत हात लालभडक, हात लावला तर चटका बसावा इतका गरम.

"कधीपासून?"

"कालपासून. पण तुम्ही रोज म्हणला होता ना? खाडा पडला तर सूज वाढंल."

"आज मसाज नाही. हे इन्फेक्शन आहे. अंगात पसरायच्या आत दवाखान्यात न्या, आत्ताच."

आई पलंगावरून उठेना. "थोडं तरी करा हो, एवढ्या लांबून आले मी." तिला रडू फुटलं. मी ओरडलोच, "आई, चल!"

दवाखान्यात दोन दिवस सलाइनमधून औषध चालू होतं, पण ताप हटेना. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिसऱ्या दिवशी उतरला एकदाचा.

डॉक्टर मसाजला हो म्हणाल्यावर आम्ही परत मॅडमकडं गेलो. त्यांनी काही विचारायच्या आत आईनं स्वतःच बाही वर सारली.

"आधी नीट बघा," ती म्हणाली, "मगच हात लावा."