दोन शब्दांची बॅटरी

रोबोला बॅटरी निवडायची असली तर वजनाआधी पाहुणा बघा. आमचा रोबो गुडघ्याएवढा, माणसासारखा दोन पायांवर चालणारा. मोठी बॅटरी लावली की पाठीवर पडायचा. अनगोळच्या शाळेत पाहुण्यांचं भाषण झालं की त्येनं चालत जाऊन गुलाब द्यायचा, असं ठरलेलं.

मी जोडीदाराला म्हटलं, "सुन्या, छोटी बॅटरी पाव तासात उतरतीया."

"लई झालं रं. पाहुणे दोनच शब्द बोलणार हाईत."

पाहुणे उभारले. दुपारची वेळ, पंखे गरगरायलेले, सगळ्यांचे डोळे जड. भाषण चंद्रावरनं मंगळावर गेलं, परत यायचं नाव न्हाय. तवर रोबोचे गुडघे हळूच वाकले. चार्ज संपत आला की पडायच्या आधी बसायचं, हे आम्हीच त्येला शिकवलेलं. गुलाब धरूनच बसला आणि मान खाली टाकली. कोण हसलंबी न्हाय. सगळं सभागृहच त्येच्या स्वप्नात गेल्यागत.

मी धावलो. पाहुण्यांनी हातानंच थांबवलं. वाकून गुलाब काढून घेतला आणि माइक बाजूला सारून पुटपुटले, "झोपू दे त्येला. मलाबी कवापास्नं बसायचं होतं, थांबावं कुठं तेच कळंना."