सायलीचा नकाशा

उंब्रजात एक म्हातारी राहती, ती मी. आन् माझ्या दोन नाती, थोरली सायली, धाकटी गौरी. शाळेतल्या पोरांची भूगोलाची जागतिक स्पर्धा असती. त्यासाठी परदेशी जायचं म्हणून सायली सांगलीला शेवटच्या निवडीला गेली. तिथं कृष्णाकाठचा नकाशा काढायचा हुता. तिनं एका काठावर लिवलं अल्याड, दुसऱ्यावर पल्याड.

परीक्षकांनी विचारलं, "पल्याड म्हणजे कुठली दिशा गं?"

"नदी वलांडली की लागतं ते, सर."

"आणि तिकडच्या माणसाला?"

"त्याला आमी पल्याड."

सर पोटभर हसले, पर निवड केली न्हाई. पुढच्या साली तिचं वय बसंना. अजून जीव हळहळतो.

औंदा गौरी निवडली गेली. तिला दिशा सायलीनंच घोटून घोटून शिकवल्या. गाव गौरीला पेढं भरवीत हुतं, तवा सायली आत तिची बॅग भरत बसली हुती.