सरळ केलेल्या ओळी

आमच्या गारखेड्याच्या शाळेत पोरं आधी स्क्रीनवर रंगीत ठोकळे जोडून रोबोट चालवायची. यंदा मी कोड टाइप करायला लावला. पालकांसमोर नववीतल्या सुमेधानं बटण दाबलं, तर रोबोट ढिम्म! बघतो तर कोडच्या सगळ्या ओळी डावीकडं एका रेषेत. अरे, काही ओळी मुद्दाम आत सरकवलेल्या असतात, त्याशिवाय रोबोटला काय कळतच नाय!

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"मीच," मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या. "पाहुणे येणार अन् समास असा वाकडातिकडा? लई गबाळं दिसत होतं."

सुमेधानं त्या ओळी परत आत सरकवल्या. रोबोट पळाला, टाळ्या पडल्या.

मॅडमनी माईक घेतला. "बघा, शिस्त लावली की यंत्रसुद्धा ऐकतं!"