बाबांचं करमुक्त खातं

इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या बचत सोसायटीत बाळाला मांडीवर घेऊन मी नंबराची वाट पाहत होते. शेजारी काळ्या कोटातली एक म्हातारी आणि तिची मुलगी बसल्या होत्या.

"आई, बाबांच्या जुन्या करमुक्त खात्यावर अर्धा टक्का व्याज मिळतंय. इथे चार टक्के देतात."

"तुझे बाबा म्हणायचे, जुनं ते सोनं."

"बाबा गेले, आई. आता तू ठरवायचं. बायकोच्या नावावर पैसे आणले, तर करमाफी तशीच राहते. फक्त लग्नाचा दाखला लागतो. कुठे ठेवलायस?"

"राहू दे गं, गिलियन."

"राहू दे काय? व्याजावर कर भरत बसशील. आधीच हिवाळ्यात हीटर लावायला घाबरतेस. दाखला हरवला असेल, तर नोंदणी कचेरीतून नवा काढू."

"नाही मिळायचा."

"का?"

"आम्ही लग्न केलंच नव्हतं."

बाळाची बाटली केव्हाच संपली होती. मी ती तशीच धरून बसले होते.

"मग बैठकीतला तो फोटो?"

"ते तुझ्या शीलामावशीचं लग्न. आम्ही दोघं त्यात बरे दिसलो, म्हणून लावला."

"आणि जूनमधला लग्नाचा वाढदिवस? दरवर्षी केक करत आले मी, आई."

"केक छानच व्हायचे."

"बाबांनी कधी विचारलंच नाही तुला?"

"विचारायचे ना बिचारे. दर जूनला, तुझा केक कापून झाला की. मी म्हणायचे, चाललंय ते बरं चाललंय, उगाच कशाला हलवायचं?"