वळणावर दिसलेल्या हाताबाबत

मी, खाली सही करणारी, वय २४ वर्षे, शिक्षण पदवीधर, काम राष्ट्रीय उद्यानात पायवाटेची मार्गदर्शक, राहणार उद्यानाची कर्मचारी वसाहत, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

डोंगरावर चालायला आणि प्राणी पाहायला येणाऱ्यांना घेऊन जाणे हे माझे काम आहे. मयत हे माझे वडील. ते गवंडीकाम करत. मी काय काम करते ते पाहायला ते प्रथमच आले होते. आई घरी आहे. तिला काकांनी कळवले आहे.

आज सकाळी फाटकाजवळ मी सर्वांना नेहमीच्या सूचना दिल्या. अस्वलांच्या पट्ट्यात बोलायचे नाही. प्राणी दिसला तर जागेवर खाली बसायचे आणि हात वर करायचा. तो हात पाहून इतरांनीही बसायचे व समोरचा उतार न्याहाळायचा. पिले जवळ असली की अस्वल आवाजाने बिथरते, म्हणून हा नियम आहे. ‘काहीही झालं तरी आवाज नको,’ असे माझे शब्द होते.

त्यावर वडील म्हणाले, ‘घरी मी कुणाचं ऐकत नाही, हिच्या आईला विचारा. पण इथे ही मॅडम. ऐकावंच लागणार.’ लोक हसले. गटातील एक दंतवैद्य म्हणाले, ‘काका, मुलगी फार कडक आहे हो तुमची.’ वडील म्हणाले, ‘कडक नाही, शिकलेली आहे. आमच्या घरात पहिलीच.’

रांगेच्या शेवटी चालणारा मदतनीस रजेवर होता. त्याची, संकटात वाजवायची शिट्टी वडिलांनी माझ्याकडून मागून घेऊन गळ्यात घातली. ‘सगळा जन्म उंच परांचीवर गेला माझा. शेपूट मी सांभाळतो,’ असे म्हणून ते मागे राहिले. मी अडवले नाही.

अस्वलांच्या पट्ट्यातल्या वळणावर वाट अरुंद आहे, एका बाजूला खोल ओढा आहे. कडेचे गवत कमरेइतके वाढलेले व ओले होते. आम्ही वळण पार केल्यावर दंतवैद्यांनी मागे पाहिले आणि माझ्या खांद्याला हात लावून खूण केली. मी वळले. कडेच्या गवतातून वर आलेला वडिलांचा उजवा हात दिसत होता. हात सरळ वर होता. ते खाली बसले आहेत असे मला वाटले. आम्ही सर्व बसलो आणि दुर्बिणी लावल्या.

समोरच्या उतारावर खरोखरच अस्वल होते. सोबत दोन पिले होती. सर्वांनी आळीपाळीने पाहिले. कोणीही आवाज केला नाही. वडिलांना सर्वांआधी दिसले याचे मला बरे वाटले. मध्ये एकदा मागे पाहिले तेव्हा हात नव्हता. त्यांनी तो खाली घेतला असे समजून मी पुन्हा दुर्बीण लावली.

अस्वल झाडीत गेल्यावर मी मागे गेले. वाटेची कड ढासळलेली होती. कडेलगतच्या काटेरी झुडपाची एक फांदी बुंध्यापासून निखळून लोंबत होती. वडील खाली ओढ्यातल्या खडकांवर पडलेले दिसले. तेव्हा मी ओरडले.

बचाव पथकाने त्यांना वर आणले. डॉक्टरांनी तपासून ते मयत झाल्याचे सांगितले. डाव्या तळहातात काटे रुतलेले होते. शिट्टी गळ्यातच होती. ती चालते का, हे हवालदारांनी माझ्यासमोर वाजवून पाहिले. शिट्टी वाजते.

मयताने सूचना पाळल्या नाहीत, असे उद्यानाच्या साहेबांनी त्यांच्या अहवालात लिहिले आहे. ठाण्याच्या व्हरांड्यात साहेब मला म्हणाले, ‘पोरी, तूही तेच सांग. नाहीतर ठपका नियमावर येईल, आणि मग तुझ्या नोकरीवर. गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?’ साहेबांचा अहवाल मला मान्य नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी ‘सूचनांकडे दुर्लक्ष करून’ असे शब्द आले होते. ते मी खोडायला लावले, त्या जागी ‘सूचना शेवटपर्यंत पाळून’ असे घालून घेतले व बाजूला सही केली. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.