नव्या गावचा बगीचा

बगीच्यातल्या मेथीची तारीफ करता, पण तिथं आधी काय होतं, माहीत हाय का? जुनं गाव धरणात गेलं, अन् सरकारनं आखून दिलेल्या नव्या गावात बगीच्याले जागा सोडली. ठेकेदारानं तिथं हिरवळ लावली. इकडं वावरं बुडाल्यापासून बायांचे हात नुसते शिवशिवून राह्यले होते.

उद्घाटनाले साहेब आले, पाहतात तं काळी माती! बाजूले खुरपं घेऊन आमची माय उभी.

"हिरवळ कुठं गेली?"

"लय गवत माजलं होतं, साहेब. तुम्ही येणार म्हणून आम्ही बायांनी निंदून टाकलं."

साहेब भडकले. "अहो, 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी वाचली नाही का?"

"वाचली ना! कोणीच चाललं नाही. बसूनच निंदलं."