इटलीची शाबासकी

कळमनुरीच्या बाजारातून परतणारी सखुबाई लिंबाखाली मोटारीची वाट बघत होती. खोडाच्या दुसऱ्या अंगाला शिरडचे दोन भजनी टेकले होते. सखुबाईचे कान तिकडंच लागले.

"संतराम, राती तो पलटणीतला माणूस तुह्या अभंगावर काय वरडला रे?"

"ब्राव्हो."

"म्हंजे?"

"लढाईत इटलीला व्हता ना तो. तिकडचा बोल हाये. गाणारा रंगला की लोक उभे राहून असं वरडतेत म्हणं."

"पण अर्थ काय?"

"शाब्बास. आन् बहाद्दर बी."

"गाण्यात कसली बहाद्दरी?"

"मी बी तेच इचारलं. म्हणला, चारचौघांत एकट्यानं वरचा सूर लावायला काळीज लागतंय."

"तुहा सूर तर फाटला व्हता."

"व्हय ग्यानबा, जरासा फाटला."

"मंग माह्या गौळणीला काहून गप बसला तो?"

"तंबाखू मळून राहिला असंल."

"सकाळी माही बायको चुलीपाशी तोच बोल घोकून राहिली व्हती."

"गौळण झकास झाली तुही. खरंच सांगतो."

"मंग म्हण की."

"काय?"

"तेच."

"ब्राव्हो, ग्यानबा."

"असं बसून नको. उभं राहून म्हण."